आईचे पेन्शन खाते असलेल्या जुन्या फोनवर कस्टम रॉम टाकावी का?

प्रश्न – माहुली_वाचक

नमस्कार. माझ्याकडे २०१८ साली घेतलेला पोको एफ१ आहे. बॅटरी एकदा बदलली, बाकी फोन आजही उत्तम चालतो. मात्र त्याची अधिकृत प्रणाली अँड्रॉइड १० वर थांबलेली आहे आणि सुरक्षा अपडेट येणे बंद होऊन बरीच वर्षे झाली. माझा भाचा कराडला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने फोन पाहिला आणि म्हणाला, "मावशी, यावर कस्टम रॉम, म्हणजे कंपनीऐवजी इतरांनी तयार केलेली प्रणाली, टाकून देतो, अँड्रॉइड १५ मिळेल, नवा फोन घ्यायची गरजच नाही." टेलिग्रामवरील एका गटात कोणीतरी याच फोनसाठी तयार केलेली रॉम त्याने मला दाखवलीही. ती दिसायला सुरेख आहे, आणि भाच्याच्या हेतूबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अडचण अशी की, या फोनवर केवळ माझे काम चालत नाही. आईचे निवृत्तिवेतन ज्या खात्यात जमा होते त्या बँकेचे ॲप यावर आहे, तिच्या औषधांचे आणि विजेच्या बिलाचे पैसे यूपीआयने येथूनच जातात, जिओचे सिम यातच आहे आणि वडिलांचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो व त्यांच्या आवाजातले संदेशही यातच आहेत. मी शोधले तेव्हा बहुतेक ठिकाणी "फोन ब्रिक होऊ शकतो, वॉरंटी जाते" एवढेच वाचायला मिळाले. वॉरंटी तर केव्हाच संपली आहे. मला विचारायचे आहे ते असे: रॉम नीट बसली, फोन सुरळीत चालू झाला, तरीही मागे काही धोका उरतो का? आणि उरत असेल, तर जुन्याच प्रणालीवर राहणे त्यापेक्षा सुरक्षित म्हणावे का? मी शाळेत मराठी शिकवते, तांत्रिक क्षेत्रातली नाही. तेव्हा उत्तर लांबले तरी चालेल, पण उलगडून लिहावे ही विनंती.

उत्तर – दुरुस्ती_कट्टा

ताई, मी कोल्हापुरात गेली चौदा वर्षे मोबाईल दुरुस्तीचे काम करतो. माझ्याकडे येतात ते बिघडलेलेच फोन, हे लक्षात ठेवून माझे म्हणणे वाचावे. ज्यांचे काम विनासायास पार पडले ते माझ्या दुकानाची पायरी चढत नाहीत.

सर्वांत आधी फोटोंबद्दल. बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली उभी करणारा प्रोग्राम, अनलॉक केला की त्याच क्षणी फोनमधील तुमची सर्व माहिती पुसली जाते. ही व्यवस्था मुद्दाम ठेवलेली आहे, कारण चोराने बूटलोडरचे कुलूप उघडले तरी मालकाची माहिती त्याच्या हाती लागू नये. म्हणजे वडिलांचे फोटो आणि त्यांचा आवाज रॉम टाकण्याच्याही आधी, पहिल्याच पायरीवर जातील. फोनमधील साठवण एन्क्रिप्ट केलेली (किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या रूपात) असल्यामुळे, एकदा तिच्या किल्ल्या पुसल्या गेल्या की ती माहिती परत काढून देणारे कोणतेही यंत्र माझ्याकडे नाही, आणि "काढून देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

"ब्रिक" (वीट, म्हणजे निकामी फोन) या एकाच शब्दाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. फोन चालू होताना कंपनीच्या चिन्हावरच अडकून पुन्हा पुन्हा सुरू होत राहिला, तर तो बूटलूप. त्यातून फोन बहुधा बाहेर काढता येतो. दुसऱ्या प्रकारात पडदा काळाच राहतो आणि संगणकाला जोडल्यावर चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचा ९००८ क्रमांकाचा पोर्ट तेवढा दिसतो. २०१८ साली शाओमीने ॲन्टी-रोलबॅक आणले, तेव्हा रेडमी नोट ५ प्रो वापरणाऱ्या अनेकांवर हीच वेळ आली. फोनमध्ये एक आकडा नोंदलेला असतो आणि त्याहून कमी आकड्याची जुनी प्रणाली फास्टबूटने (संगणकावरून फोनला आज्ञा देण्याच्या सोयीने) टाकली की फोन उठत नाही. मग त्या अवस्थेत प्रणाली पुन्हा भरण्यासाठी कंपनीने अधिकार दिलेले खाते लागते. भाच्याने काही टाकण्यापूर्वी हा आकडा फास्टबूटमध्ये विचारून पाहिला आहे का, एवढे विचारले तरी त्याची तयारी किती आहे हे तुम्हाला कळेल.

पण माझ्या मते याहून वाईट प्रसंग नेटवर्क जाण्याचा असतो, कारण त्यात फोन वरवर अगदी छान चालत असतो. काही वर्षांपूर्वी गडहिंग्लजचा एक मुलगा असाच फोन घेऊन आला. नवी रॉम चालू होती, वायफाय चालू होते, सिम मात्र दिसत नव्हते. *#०६# दाबल्यावर आयएमइआयच्या, म्हणजे प्रत्येक फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाच्या, जागी शून्ये आली. एका व्हिडिओत पाहून त्याने फास्टबूटच्या आज्ञा जशाच्या तशा चालवल्या होत्या आणि त्यांत मोडेमची (नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाची) माहिती व तिची फोनमधलीच राखीव प्रत, दोन्ही पुसली गेली होती. त्याने स्वतःची प्रत आधी काढून ठेवलेली नव्हती. मोडीत निघालेल्या फोनचा आयएमइआय यात घालून द्या, असे तो म्हणू लागला. मी नकार दिला, कारण आयएमइआयमध्ये फेरफार करणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मुलगा चांगल्या घरचा होता, त्याला याची कल्पनाही नव्हती.

फिंगरप्रिंट व इतर सेन्सरांची कारखान्यातच केलेली जुळणी "पर्सिस्ट" नावाच्या विभागात असते, आणि ती गेली तर दुसऱ्या फोनमधून आणून चिकटवता येत नाही. सॅमसंगच्या फोनांत तर अनधिकृत प्रणाली चढताच नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज कायमचा उडतो. मूळ प्रणाली परत टाकली तरी सिक्युअर फोल्डर हा खासगी कप्पा त्या फोनवर पुन्हा मिळत नाही. तुमचा फोन सॅमसंगचा नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा असू शकेल म्हणून लिहिले.

उत्तर – किल्ली_आणि_कडी

दादांनी रॉम टाकताना काय बिघडते ते लिहिले. माहुलीताईंचा मुख्य प्रश्न त्यानंतरचा आहे आणि तो फार क्वचित विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते. मी पुण्यात अँड्रॉइडच्या उपकरणांवरच काम करते.

फोन चालू करताना पडद्यावर काही दिसण्याआधीच आत एक तपासणी होते. चिपमध्ये कायमचा कोरलेला अगदी छोटा प्रोग्राम बूटलोडरची सही (डिजिटल खूण) तपासतो, बूटलोडर प्रणालीच्या गाभ्याची सही तपासतो, आणि मग पुढच्या प्रत्येक विभागाची खातरजमा होते. साखळीची प्रत्येक कडी पुढच्या कडीची हमी घेते. बूटलोडर अनलॉक करणे म्हणजे या साखळीतील मधली कडी काढून टाकणे होय. त्यानंतर फोन कोणाचीही प्रणाली स्वीकारतो. तुमच्या भाच्याची स्वीकारतो तशी दुरुस्तीला दिलेल्या दुकानातल्या अनोळखी माणसाचीही स्वीकारतो. पिन माहीत नसताना तुमचे फोटो त्याला लगेच वाचता येणार नाहीत, कारण ते एन्क्रिप्ट केलेले आहेत. पण प्रणालीत बदल करून तो फोन तुम्हाला परत देऊ शकतो, आणि तुम्ही पुढच्या वेळी पिन टाकाल तेव्हा तो नोंदवून घेतला जाईल. कुलूपबंद फोनवर असा बदल चालू होतानाच पकडला जातो. अनलॉक केलेल्या फोनवर फक्त उघड्या कुलपाची खूण किंवा एक इशारा दिसतो, आणि तो रोजच दिसत असल्यामुळे त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

"मग रॉम टाकून झाल्यावर पुन्हा लॉक करू," असे भाचा म्हणाला, तर कृपया त्याला थांबवा. बहुतेक फोनांचा बूटलोडर केवळ कंपनीची सही ओळखतो. कस्टम रॉम असताना तो लॉक केला की फोन ती प्रणाली नाकारतो आणि बंद पडतो. स्वतःची किल्ली नोंदवून पुन्हा लॉक करण्याची नीट सोय गूगलच्या पिक्सेलसारख्या मोजक्याच फोनांत आहे, आणि ग्राफीनओएस हा सुरक्षेवर भर देणाऱ्या रॉमचा प्रकल्प पिक्सेलपुरताच मर्यादित राहिला त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आता टेलिग्रामवरच्या रॉमविषयी. अँड्रॉइडचा उगमसंच (सोर्स कोड) सर्वांना खुला आहे आणि त्याच्यासोबत सरावासाठी काही सह्यांच्या किल्ल्याही येतात. त्यांना टेस्ट-कीज म्हणतात, आणि त्यांचा गुप्त भागसुद्धा कोणालाही उतरवून घेता येतो. रॉम बनवणाऱ्याने स्वतःच्या किल्ल्या तयार करून त्या जपून ठेवणे अपेक्षित असते, परंतु हौसेने बनवलेल्या अनेक रॉम टेस्ट-कीजनेच सही केलेल्या असतात. त्याचा परिणाम असा की, जगातील कोणीही त्याच किल्लीने सही करून एक साधे दिसणारे ॲप तयार करू शकतो, आणि तुमचा फोन त्या ॲपला प्रणालीचाच भाग मानून परवानगी न विचारता सर्व अधिकार देतो. यासाठी रॉम बनवणारा दुष्ट असण्याची गरज नाही, त्याने कंटाळा केला तरी पुरे. त्याचप्रमाणे एखादी गोष्ट चालत नसली की काहीजण एसइलिनक्सची, म्हणजे ॲपना मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेची, पहारेदारी "पर्मिसिव्ह" करून ठेवतात, म्हणजे नियमभंग नोंदवला जातो पण अडवला जात नाही. पोको एफ१ साठी तर साठवणीचे एन्क्रिप्शनच बंद करणारी झिप फाइल वापरण्याची पद्धत एके काळी फार पसरली होती, कारण त्यामुळे रॉम बदलणे सोपे जात असे. असा फोन हरवला तर आतले सर्व काही उघड्यावर असते. भाच्याने दाखवलेल्या सूचनांत ती पायरी आहे का, हे अवश्य पाहावे.

बँकेच्या ॲपबद्दल मला सर्वाधिक काळजी वाटते. गूगलची प्ले इंटिग्रिटी ही सेवा ॲपला सांगते की फोन मूळ स्थितीत आहे की नाही. मे २०२५ पासून, अँड्रॉइड १३ व त्यापुढील प्रणाली असलेल्या फोनांसाठी, ही साक्ष चिपमधील सुरक्षित भागाकडून घेतली जाते, आणि बूटलोडर अनलॉक असेल तर ती मिळत नाही. म्हणजे आज तुमच्या अँड्रॉइड १० वर चालणारे ॲप अँड्रॉइड १५ वर गेल्यावर बंद पडण्याची शक्यता वाढते. त्यावर उपाय म्हणून भाचा बहुधा फोन रूट करून (प्रणालीचे सर्वोच्च अधिकार उघडून), खोटी साक्ष देणारे मॉड्यूल (जोड-प्रोग्राम) टाकायला सुचवेल. अशी मॉड्यूल बाहेर फुटलेल्या किल्ल्यांवर चालतात, गूगल त्या रद्द करत राहते, आणि मग नव्या किल्लीसाठी पुन्हा कोणत्यातरी अनोळखी गटाकडे जावे लागते. शिवाय असे मॉड्यूल फोनमधील सर्वोच्च अधिकाराने चालते. आईच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याशेजारी अशी गोष्ट मी माझ्या घरात तरी ठेवणार नाही.

पैशांची फसवणूक झालीच, तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे त्रयस्थाच्या चुकीमुळे झालेले नुकसान ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर पडत नाही; परंतु ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सर्व नुकसान ग्राहकाचेच मानले जाते. रूट केलेल्या फोनवर ॲपला फसवून व्यवहार केले होते, ही गोष्ट अशा वेळी आपल्या बाजूने मांडणे अवघड आहे.

उत्तर – गोदाकाठचा_प्रवासी

किल्ली_आणि_कडी यांचे लिहिणे योग्यच आहे, तरी माहुलीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळालेले नाही असे वाटते, आणि ते न देता केवळ भीती घालणे बरोबर होणार नाही. जुन्या प्रणालीवर राहणे सुरक्षित आहे का? माझ्या मते नाही.

गूगलने २०२३ पासून अँड्रॉइड १० साठी सुरक्षा दुरुस्त्या देणे थांबवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीत (प्रोग्रामांच्या सामायिक भागात) गंभीर दोष सापडला. मुद्दाम बिघडवलेले एक चित्र उघडले जाणेच हल्ल्यासाठी पुरेसे होते. क्रोमने स्वतःपुरती दुरुस्ती प्ले स्टोअरमधून पोहोचवली, पण प्रणालीच्या आत असलेली तीच लायब्ररी कंपनीकडून अपडेट आल्याशिवाय बदलत नाही. अशा दुरुस्त्या न मिळालेल्या फोनवर बँकेचे ॲप आज चालते, म्हणून तो निर्धोक आहे असा अर्थ काढू नये.

मी सायनोजेनमॉड या जुन्या कस्टम रॉमच्या काळापासून अशा प्रणाली वापरत आलो आहे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये त्यामागच्या कंपनीने सेवा बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा भारतात सायनोजेनसह विकल्या गेलेल्या वनप्लस वन आणि यू युरेका या फोनांची मंडळीही अधांतरी राहिली, आणि स्वयंसेवकांनी तोच वारसा लिनेजओएस या नावाने पुढे चालवला. त्या घटनेतून मला जे कळले ते सांगतो: रॉम निवडताना ती कोण आणि किती जण सांभाळतात हे आधी पाहावे. टेलिग्रामवरची रॉम बहुतेक वेळा एका विद्यार्थ्याच्या संगणकावर तयार होते. त्याची परीक्षा आली, त्याने फोन बदलला, की तुमच्या दुरुस्त्या थांबल्या. लिनेजओएसच्या सर्व्हरवर मे २०२० मध्ये हल्ला झाला होता, सॉल्टस्टॅक या व्यवस्थापन प्रणालीतल्या दोषामुळे. तरीही सह्यांच्या किल्ल्या सुरक्षित राहिल्या आणि प्रकल्पाने ते उघडपणे जाहीर केले. सर्व्हरपर्यंत हल्लेखोर पोहोचूनही किल्ल्या वाचतात, असे एकट्या माणसाच्या लॅपटॉपबद्दल म्हणता येईल का?

आणखी एक कसोटी. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा आहे आणि तो जीपीएल या मुक्त परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो, त्यामुळे बदललेला गाभा वाटणाऱ्याने त्याचा उगमसंच देणे बंधनकारक आहे. रॉमच्या पानावर तो दुवा नसेल, तर मी ती रॉम टाकत नाही.

मात्र चांगली रॉमही सर्व भोके बुजवत नाही, हे मान्य करायला हवे. मोडेम, कॅमेरा व ग्राफिक्स यांचे बंदिस्त भाग कंपनीकडूनच येतात आणि ते ज्या तारखेला थांबले तिथेच राहतात. सेटिंगमध्ये अँड्रॉइडच्या सुरक्षा अपडेटची तारीख ताजी दिसेल, पण लिनेजओएस त्याशेजारी विक्रेत्याच्या भागाची तारीखही वेगळी दाखवते, ती जरूर वाचावी. आणि जिओबद्दल: जिओला २जी-३जीचे जाळे नाही, त्यामुळे रॉममध्ये व्होल्टी (४जीवरून बोलण्याची सोय) नीट चालत नसेल तर नेटवर्कच्या रेषा पूर्ण दिसूनही ना फोन लावता येईल ना घेता येईल. घरात वयस्कर माणूस असताना हे फार महत्त्वाचे आहे.

माहुली_वाचक

आपणा तिघांची मनापासून आभारी आहे. भाच्याला हा धागा वाचायला दिला. फोटो पहिल्याच पायरीवर पुसले जातील हे त्याला माहीत होते, पण "गूगलवर असतीलच" असे त्याने गृहीत धरले होते. प्रत्यक्षात बॅकअप २०२२ पासून बंद असल्याचे आम्हाला काल समजले. वडिलांचे आवाजी संदेश तर कोठेच नव्हते. ते पाहून आम्ही दोघेही काही वेळ गप्प बसलो.

सध्या असे ठरवले आहे की, आईच्या खात्यासाठी आणि जिओच्या सिमसाठी ज्याला अजून काही वर्षे अपडेट मिळणार आहेत असा एक साधा नवा फोन घ्यायचा आणि त्यात कोणताही बदल करायचा नाही. पोको एफ१ वर बँकेचे ॲप, सिम वा ईमेल काही न ठेवता, तो वाचनासाठी आणि भाच्याच्या शिकण्यासाठी वापरायचा, आणि त्यावर टेलिग्रामवरची रॉम न टाकता लिनेजओएसच टाकायची. या बेतात काही चुकते आहे का? आणि उतरवलेली फाइल खरोखर त्यांचीच आहे हे कसे तपासावे?

किल्ली_आणि_कडी

बेत योग्य आहे. पोको एफ१ चे लिनेजओएसमधले सांकेतिक नाव बेरिलियम आहे. त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या नावाचे पान उघडून, बांधणी (तयार आवृत्ती) सध्या निघते आहे का आणि शेवटची कोणत्या तारखेची आहे, हे प्रथम पाहा. दुसऱ्या फोनची फाइल नाव सारखे वाटते म्हणून घेऊ नये.

फाइल तेथूनच उतरवावी. तिच्याशेजारी एसएचए-२५६ ची लांबलचक ओळ दिलेली असते. संगणकावर फाइलची तीच ओळ काढून अक्षरन् अक्षर जुळवावी. त्यातून फाइल वाटेत खराब झालेली नाही एवढेच कळते, म्हणून भाच्याने प्रकल्पाच्या माहितीपानावर दिलेल्या पद्धतीने सहीसुद्धा तपासावी. विंडोजवर हे थोडे खटपटीचे आहे, पण शिकण्यासारखे आहे. चेहरा ओळखून कुलूप उघडण्याची सोय लिनेजओएसमध्ये नसते, तेव्हा पिन किमान ६ अंकी ठेवा.

नवा फोन आल्यावर प्रथम बँकेचे ॲप आणि यूपीआय त्यावर नोंदवून, एखादा छोटा व्यवहार करून पाहा. सिम हलवल्याशिवाय ही नोंदणी होत नाही. जुना फोन त्यानंतरही आठवडाभर तसाच राहू द्या, म्हणजे राहिलेले काही आठवले तर घेता येईल. शाओमीच्या फोनांना अनलॉकची परवानगी मागितल्यावर बहुधा १६८ तास थांबावेच लागते, तो अवधी यासाठीच वापरा.

दुरुस्ती_कट्टा

ताई, वडिलांच्या संदेशांच्या दोन प्रती करा, एक संगणकावर आणि एक वेगळ्या पेनड्राइव्हवर, आणि फाइल मोजून न थांबता त्यांतले चार-पाच संदेश संगणकावर स्वतः वाजवून ऐका. व्हॉट्सॲपमधले आवाजी संदेश फोनच्या साठवणीत व्हॉइस नोट्स नावाच्या फोल्डरमध्ये आठवड्यावार लहान लहान फोल्डरांत विखुरलेले असतात. घाईत पहिलाच फोल्डर घेऊन लोक उठतात आणि बाकीचे राहून जातात.